छत्री, अर्धशिशी आणि लंडनचं कोर्ट

डॉक्टरांनी ऑनलाइन काय बोलावं, यावरच्या आजच्या भांडणाचा एक धागा हृदयातल्या बारीकशा छिद्रापर्यंत जातो. पीएफओ म्हणतात त्याला. साधारण चौघांतल्या एकाचं ते जन्मानंतरही बुजत नाही. ते बुजवलं तर अर्धशिशी थांबते का, हे पाहायला ब्रिटनमध्ये ‘मिस्ट’ चाचणी झाली. रुग्ण १४७. निम्म्यांना बोस्टनच्या एनएमटी मेडिकलचं छत्रीसारखं उघडणारं उपकरण बसवलं. बाकीच्यांना भूल देऊन जांघेत नुसताच छेद घेतला, म्हणजे आपल्याला काय मिळालं ते कळू नये. डोकेदुखी पूर्ण थांबली ७४ पैकी तिघांची. नुसत्या छेदावर? ७३ पैकी तिघांची!

या चाचणीतलेच एक संशोधक, हृदयरोगतज्ज्ञ पीटर विल्म्सहर्स्ट. २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेत ते चाचणीबद्दलच्या शंका पत्रकाराशी बोलले आणि ते वैद्यकीय संकेतस्थळावर छापून आलं. कंपनी अमेरिकी, परिषद अमेरिकेतली. बदनामीचा दावा मात्र लंडनमध्ये, आणि तोही एकट्या डॉक्टरांवर. संकेतस्थळाला हात लावला नाही. इंग्लंडच्या कायद्यात बदनामीकारक विधान खोटंच धरून चालतात. खरं असल्याचं बोलणाऱ्याने सिद्ध करायचं, आणि वकिलांची बिलं तोवर चालूच. निकाल लागलाच नाही, कारण २०११ मध्ये कंपनीच बुडाली.

या खटल्याने आणि पत्रकार सायमन सिंग यांच्यावरच्या दाव्याने तिथे ओरड झाली, आणि २०१३ चा नवा कायदा आला. ‘गंभीर हानी’ दाखवल्याशिवाय आता दावा टिकत नाही. तज्ज्ञांनी तपासून छापलेल्या शोधनिबंधाला खास संरक्षण मिळालं. पत्रकाराशी बोललेल्या चार वाक्यांना मात्र ते कलम लागू नाही.

आपल्याकडे १८६० च्या दंड संहितेतलं बदनामीचं कलम ४९९ आता न्याय संहितेत ३५६ झालंय. नुसतं खरं असून भागत नाही, ते लोकहिताचंही असावं लागतं. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामी वैध ठरवली. पण खरी धास्ती दिवाणी मनाई हुकमाची. सप्टेंबर २०२३ मध्ये एका आयुर्वेदिक कंपनीच्या दाव्यावर बंगळूरुच्या न्यायालयाने ‘द लिव्हर डॉक’ या केरळच्या यकृततज्ज्ञांची बाजू न ऐकताच आदेश दिला, आणि त्यांचं एक्स खातं भारतात दिसेनासं झालं. पुढच्या महिन्यात उच्च न्यायालयाने ते खुलं केलं, पण त्या कंपनीवरची ट्वीट झाकून ठेवण्याच्या अटीवर.