माऊ माऊ चळवळ

माऊ माऊ चळवळ : पूर्व आफ्रिकेतील केन्या या ब्रिटिश वसाहतीत मुख्यतः किकुयू लोकांनी, एंबू व मेरू या शेजारच्या जमातींच्या साथीने, जमीन आणि स्वराज्य यांसाठी केलेला सशस्त्र उठाव. गव्हर्नर एव्हलिन बेअरिंग याने २० ऑक्टोबर १९५२ रोजी आणीबाणी पुकारली आणि ती जानेवारी १९६० मध्ये उठली, म्हणून उठावाचा काळ सामान्यतः १९५२–६० असा देतात. हा कालखंड सरकारी कागदांचा आहे. चळवळीत सामील होणाऱ्यांचे शपथविधी त्याआधी काही वर्षे चालू होते, तर जंगलातील लढाई १९५६ अखेर जवळजवळ थंडावली होती.

नाव व व्युत्पत्ती : बंडखोर स्वतःला सहसा ‘माऊ माऊ’ म्हणवीत नसत, ‘भूमी आणि स्वातंत्र्य सेना’ या अर्थाचे नाव ते वापरीत. ‘माऊ माऊ’ या शब्दाला किकुयू भाषेत सरळ अर्थ नाही, त्यामुळे त्याच्या उगमाविषयी बरेच तर्क झाले आहेत. एका मतानुसार ‘उमा उमा’ (निघा, निघा) या इशाऱ्यातील अक्षरे उलटी करून हा शब्द झाला. पहाऱ्यावरची मुले अशी उलटी बोली वापरीत असे म्हणतात. ही उलटापालट देवनागरीत लिहून पाहिली तर चटकन पटते, पण तेवढ्याने पुरावा होत नाही. दुसरे मत स्वाहिलीतील ‘म्झुंगु आएंडे उलाया, म्वाफ्रिका आपाते उहुरू’ (गोऱ्याने युरोपात जावे, आफ्रिकी माणसाला स्वातंत्र्य मिळावे) या घोषणेची आद्याक्षरे पुढे करते. घोषणा आकर्षक असली, तरी ती नाव रूढ झाल्यावर जुळवलेली असावी. तिसरे मत माऊ डोंगररांगेकडे बोट दाखवते. १९४० च्या दशकात शपथांना नवे वळण देणारी ओलेंगुरुओने ही किकुयू वसाहत याच रांगेच्या परिसरात होती, एवढा तरी त्याला आधार आहे. चौथ्या मतानुसार हा ‘मुमा’ (शपथ) या किकुयू शब्दाचा अपभ्रंश आहे. १९५० मध्ये नैवाशा येथील खटल्यात साक्षीदाराने उच्चारलेला हा शब्द गोऱ्यांच्या कानी वेगळा पडला, असे सांगतात. चळवळीचा कणाच शपथ हा असल्याने हे मत अधिक संभवनीय वाटते. ऑगस्ट १९५० मध्ये सरकारने संघटनेवर बंदी घातली, ती याच नावाने.

पार्श्वभूमी : मध्य केन्यातील सुपीक पठार गोऱ्या मळेवाल्यांसाठी राखीव होते आणि १९१५ च्या कायद्याने त्यांना ९९९ वर्षांचे पट्टे मिळू शकत. ज्या जमिनी आपल्या पूर्वजांच्या असे किकुयू मानीत, त्यांवर ते आता आश्रित कूळ म्हणून राहत. १९१८ च्या कायद्याने त्यांना वर्षातील किमान १८० दिवस मळ्यावर राबणे भाग होते. प्रौढ आफ्रिकी पुरुषाला ‘किपांडे’ हा बोटांचे ठसे व नोकरीचा तपशील असलेला परवाना जवळ बाळगावा लागे. तो पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवीत, आणि बकरीच्या गळ्यातील घंटेशी तिची तुलना होई.

शपथविधी रात्री होत. केळीची पाने व उसाची कांडी बांधून केलेल्या कमानीखालून उमेदवाराला सात वेळा जावे लागे. बकऱ्याचे रक्त-मांस आणि माती यांना विधीत स्थान होते. वसाहती लेखनाने या विधींचे वर्णन रानटीपणाचा पुरावा म्हणून रंगवले, त्यामुळे त्या वर्णनांचा उपयोग जपूनच करावा लागतो.

संघर्ष : ॲबरडेअर डोंगर आणि माउंट केन्याची जंगले हे बंडखोरांचे आश्रयस्थान. पाण्याचा नळ, दाराची कडी आणि ट्यूबच्या रबराची पट्टी यांपासून ते बंदुका बनवीत. २६ मार्च १९५३ च्या रात्री त्यांनी नैवाशाचे पोलीस ठाणे लुटले. त्याच रात्री लारी येथे सरकारशी एकनिष्ठ असलेल्या किकुयू कुटुंबांतील सत्तरहून अधिक माणसे मारली गेली, बहुतेक स्त्रिया व मुले. नंतरच्या सूडातही बरेच बळी पडले. या उठावाला किकुयूंमधील यादवीचेही अंग होते, ते लारीत स्पष्ट दिसते. एप्रिल १९५४ मध्ये नैरोबीला वेढा घालून हजारोंना स्थानबद्ध केले गेले. पुढे दहा लाखांहून अधिक लोकांना काटेरी कुंपणाच्या सुमारे ८०० वस्त्यांत हलवले. नेता डेडन किमाथी ऑक्टोबर १९५६ मध्ये पकडला गेला आणि १८ फेब्रुवारी १९५७ रोजी त्याला फाशी झाली.

केन्यातील राष्ट्रीय नेते जोमो केन्याटा यांना चळवळीचे सूत्रधार ठरवून कापेंगुरिया येथील खटल्यात १९५३ मध्ये सात वर्षे सक्तमजुरी दिली गेली. महत्त्वाचा साक्षीदार रॉसन माचारिया याने १९५८ मध्ये आपली साक्ष खोटी असल्याचे सांगितले. आज बहुतेक इतिहासकार केन्याटांना सूत्रधार मानत नाहीत. बचावाच्या वकिलांत भारतातून गेलेले दिवाण चमनलाल होते. गोवेकरी वंशाचे पत्रकार पिओ गामा पिंटो यांना चळवळीला साहाय्य केल्यावरून १९५४ मध्ये अटक झाली.

बळींची संख्या : सरकारी आकड्यांनुसार ११,५०३ बंडखोर व ३२ गोरे नागरिक मेले. इतिहासकार डेव्हिड अँडरसन मृत बंडखोरांची संख्या वीस हजारांवर नेतात आणि १,०९० फाशी दाखवतात. इतिहासकार कॅरोलाइन एल्किन्स यांनी १,३०,००० ते ३,००,००० किकुयूंचा हिशेब लागत नसल्याचे म्हटले. मात्र जनगणनांच्या आधारे लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन ब्लॅकर यांनी काढलेला सुमारे ५०,००० जादा मृत्यूंचा अंदाज, ज्यात निम्मी दहा वर्षांखालील मुले होती, अधिक ग्राह्य धरला जातो.

३ मार्च १९५९ रोजी होला छावणीत ११ स्थानबद्ध पहारेकऱ्यांच्या मारहाणीत मेले. पाणी प्याल्याने मृत्यू झाले, असा पहिला खुलासा होता. तो टिकला नाही आणि ब्रिटिश संसदेत गदारोळ झाला. केन्या १२ डिसेंबर १९६३ रोजी स्वतंत्र झाला, पण माऊ माऊवरील बंदी २००३ पर्यंत कायम राहिली. इंग्लंडमधील हॅन्सलोप पार्क येथे दडवलेले वसाहती दप्तर २०११ मध्ये उजेडात आल्यानंतर ब्रिटिश सरकारने जून २०१३ मध्ये छळाबद्दल खेद व्यक्त करून ५,२२८ जणांसाठी १ कोटी ९९ लाख पौंड मंजूर केले.