पान्हा (रात्रीचा)

पान्हा : आईच्या किंवा मादी जनावराच्या स्तनात उतरणारे दूध, तसेच ते उतरण्याची क्रिया. मूल रात्रभर सलग झोपू लागल्यावर पान्हा कमी होतो का, एवढ्यापुरताच येथे विचार केला आहे. स्तन्याचे गुण आणि पाजण्याची पद्धत गृहीत धरली असून रूढी व शब्द प्रामुख्याने सातारा-सांगली भागातले घेतले आहेत.

व्युत्पत्ती : सामान्य बोलण्यात हा शब्द ‘पान’ म्हणजे पिणे याच्याशी जोडला जातो, पण त्यातून ‘न्ह’मधल्या हकाराचा उलगडा होत नाही. संस्कृतात ‘प्रस्नव’ (‘स्नु’ म्हणजे झिरपणे) आणि ‘प्रस्रव’ (‘स्रु’ म्हणजे वाहणे) असे दोन जवळचे शब्द आहेत व हस्तलिखितांत त्यांची सरमिसळ सहज होते. प्राकृतात ‘स्र’चा ‘स्स’ होतो (मिश्र, मिस्स यातल्या ‘श्र’प्रमाणेच), तर ‘स्न’चा ‘ण्ह’. स्नानाचे न्हाण झाले ते याच वाटेने. प्राकृत ‘पण्हव’ हे रूपही जुळते, त्यामुळे ‘प्रस्नव’ अधिक ग्राह्य वाटतो. अपत्याच्या स्पर्शाने, दर्शनाने, नुसत्या आठवणीनेही स्तन्य स्रवते आणि अखंड स्नेह हे त्याचे कारण, असे सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात म्हटले आहे. या ग्रंथाचा काळ वादग्रस्त असून उपलब्ध पाठ बहुधा इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत स्थिरावला असावा. निरीक्षण मात्र आजच्या शरीरक्रियाविज्ञानाला चकित करणारे अचूक आहे.

‘पान्हा फुटणे’ व ‘पान्हा चोरणे’ हे प्रयोग गोठ्यातले. माण, खटाव, आटपाडी, जत या खिल्लार जनावरांच्या मुलखात वासराने ढुसण्या दिल्याशिवाय गाय दूध सोडत नाही, हे सांगावे लागत नाही.

दूध कसे ठरते : मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीच्या पुढच्या भागातून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवते व त्याने दूध तयार होते, मागच्या भागातून सुटणाऱ्या ऑक्सिटोसिनने ते पुढे ढकलले जाते. मराठीतला पान्हा काटेकोरपणे पाहता या दुसऱ्या क्रियेचे नाव आहे. झोपेत, विशेषतः उत्तररात्री, प्रोलॅक्टिनची पातळी चढलेली असते. त्यावरून ‘रात्रीचे पाजणे सुटले की दूध आटले’ असा निष्कर्ष सरसकट काढला जातो. पहिल्या काही आठवड्यांपुरता त्यात अर्थ आहे. पुढे दुधाचे प्रमाण रक्तातल्या प्रोलॅक्टिनपेक्षा स्तन किती रिकामा होतो यावर ठरू लागते.

हे नियंत्रण स्थानिक असते, याचा पुरावा शेळ्यांवरून मिळाला. १९८०च्या दशकात स्कॉटलंडमधील संशोधकांनी एकाच बाजूच्या सडाचे दूध जास्त वेळा काढले, तेव्हा दूध त्याच बाजूचे वाढले. रक्तातले संप्रेरक दोन्ही बाजूंना सारखेच पोचत असल्याने कारण स्तनातच असले पाहिजे. साचलेल्या दुधातलेच एखादे प्रथिन निर्मितीला लगाम घालते, हे त्यांचे मत. ते प्रथिन निर्विवादपणे वेगळे काढता आलेले नाही. स्तनातच बनणारे सिरोटोनिन आणि साचलेल्या दुधाचा दाब यांकडे इतर अभ्यासक बोट दाखवतात. एकच कारण धरण्यापेक्षा हे सर्व मिळून काम करतात असे मानणे सध्या सुरक्षित. कारण कोणतेही असो, भरलेला स्तन सावकाश दूध करतो, रिकामा झपाट्याने.

साठवण : एका वेळी किती दूध साठते हे बाईगणिक बदलते आणि ते बाह्य आकारावरून कळत नाही. ऑस्ट्रेलियातील ७१ मायलेकरांची २००६ साली प्रसिद्ध झालेली पाहणी येथे उपयोगी आहे. एक ते सहा महिन्यांची ही मुले दिवसाला सरासरी ७८८ ग्रॅम दूध पीत. सर्वांत कमी ४७८, सर्वांत जास्त १,३५६. पाजण्याची संख्या आणि दिवसभराचे एकूण दूध यांचा संबंध दिसला नाही. ६४ टक्के मुले रात्री पीत होती. उरलेली सकाळी मोठे पिणे पिऊन भरपाई करत. ज्या बाईची साठवण मोठी तिला सहासात तासांची खीळ बाधत नाही. साठवण लहान असेल तर छाती लवकर दाटते, लगाम लवकर बसतो, आणि दिवसा जास्त वेळा पाजावे लागते. दूध दाटून ठणका लागला तर थोडेसे पिळून काढावे; पूर्ण रिकामे केल्यास शरीर ती रात्रीची मागणी समजते.

पहिल्या महिन्यात गोष्ट वेगळी. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजणे अपेक्षित असते, आणि साधारण दोन आठवड्यांत मूल जन्मवजनावर परत येईपर्यंत झोपाळू मुलाला उठवून पाजावे लागते. ‘गुणी बाळ, रात्रभर हूं की चूं नाही’ हे कौतुक या वयात जरा बेतानेच करावे. चांगल्या वाढीची खूण झोप नव्हे. पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाला सहा तरी वेळा भरपूर शू आणि काट्यावर वाढणारे वजन, ही आहे.

पाळणा लांबवण्याशीही रात्रीचा संबंध आहे. १९८८ साली इटलीतील बेलाजिओ येथे झालेल्या तज्ज्ञांच्या बैठकीत ठरलेल्या निकषांप्रमाणे मूल सहा महिन्यांच्या आतले, पाळी न आलेली आणि मूल सर्वस्वी अंगावर, असे असेल तर गर्भधारणेपासून ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळते. रात्रीचा खंड सहा तासांपलीकडे गेला की हा भरवसा कमी होतो. दूध टिकून असतानाही पाळी परत येते ती यामुळे.

रूढी : दूध वाढावे म्हणून बाळंतिणीला अळिवाची खीर, डिंकाचे व मेथीचे लाडू, बाळंतशोपा, खसखस, शतावरी देतात. शतावरी व मेथीखेरीज इतरांवर संशोधन तुरळक आहे. गरम, पातळ, पोटभर आहार आणि सव्वा महिन्याची विश्रांती यांचा वाटा त्यात वेगळा काढणे अवघड. तान्हे झोपेत हसले की सटवाई हसवते म्हणतात, आणि त्याला उठवू नये असाही संकेत आहे.

झोपवण्याचे उपाय निरुपद्रवी होतेच असे नाही. अफू असलेली ‘बाळगोळी’ मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बाया मुलांना देत, हे १९२०च्या दशकातल्या पाहण्यांत नोंदले गेले. या कामगारांत सातारकडची कुटुंबे पुष्कळ होती. अफूने सुस्तावलेले मूल नीट ओढत नाही, त्यामुळे झोपेबरोबर दूधही उणे होई.

ऊसतोडीत गणित उलटते. हंगामात मराठवाड्यातून सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांवर आलेल्या टोळ्यांतली बाई पहाटे फडावर जाते, मूल कोपीवर (तात्पुरत्या झोपडीत) मोठ्या भावंडाजवळ राहते आणि दिवसाचा खंड लांबतो. असे मूल दिवसा कमी व रात्री वारंवार पिऊन हिशेब पुरा करते. आईच्या झोपेचे खोबरे होते, पण दूध टिकते ते याच रात्रीच्या पिण्यावर.