दिवसा पडद्याआड राहणारं भिंग

जुन्या दीपगृहाचा गोल जिना चढताना पायऱ्या मोजायचं ठरवलेलं असतं, पण निम्म्यावर धाप लागते आणि मोजणी चुकते. वर पोचल्यावर बहुतेकजण थेट सज्जात जाऊन समुद्र बघत उभे राहतात. समुद्र काय, खालूनही दिसतो! पाहण्यासारखी वस्तू पाठीमागे, काचेच्या खोलीत असते.

पहिल्या नजरेत ते भिंग वाटतच नाही. माणसाहून उंच, काचेच्या कड्या एकीभोवती एक बसवून केलेलं जणू पिंपच. मोठ्या दीपगृहांतल्या पहिल्या श्रेणीच्या भिंगात दिवा काचेपासून ९२ सेंटीमीटरवर, म्हणजे नाभीपाशी (भिंग समांतर किरण जिथे एकत्र आणतं त्या बिंदूपाशी) ठेवलेला असतो.

अडचण साधी होती. ज्योत चहूकडे उजेड फेकते. आकाशात आणि पायथ्याच्या खडकांवर पडलेला उजेड जहाजाच्या काहीच कामाचा नाही. ज्योतीमागे धातूचे आरसे लावत, पण ते बराचसा प्रकाश स्वतःच गिळत. बहिर्गोल भिंग प्रकाशाचा सरळ झोत करतं खरं, पण एवढं मोठं भिंग मधोमध इतकं जाड होईल की त्याचं वजन पेलवणार नाही आणि काचच उजेड खाईल.

ऑगस्तँ फ्रेनेल हा फ्रान्समधला रस्ते-पूल बांधणारा अभियंता. त्याने हेरलं की किरण वळतात ते फक्त काचेच्या पृष्ठभागावर. मधली जाडी निव्वळ ओझं आहे. ती कापून टाकायची आणि पृष्ठभागाचा बाक तेवढा कड्याकड्यांनी राखायचा. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ १६११ साली पूर्ण झालेल्या कोर्दुआँच्या दीपगृहाच्या मनोऱ्यावर १८२३ मध्ये असं भिंग पहिल्यांदा लागलं. चारच वर्षांनी, वयाच्या ३९व्या वर्षी, फ्रेनेल क्षयाने गेला.

भिंगाच्या अगदी वरच्या आणि खालच्या कड्या नीट पाहा. तिथे किरण इतके तिरके येतात की नुसत्या अपवर्तनाने, म्हणजे काचेतून जाताना वाकण्याने, ते क्षितिजाकडे वळत नाहीत. म्हणून तिथे त्रिकोणी लोलक असतात. काचेच्या आतून पृष्ठभागावर सुमारे ४२ अंशांहून तिरका आलेला किरण बाहेर पडतच नाही, सगळाच्या सगळा आत परततो. असा आरसा, की ज्याला कल्हईसुद्धा नको. कल्पना फ्रेनेलचीच, मोठ्या भिंगांत ती त्याच्यामागे उतरली.

आता पडद्यांची गोष्ट. प्रकाश ज्या वाटेने जातो त्याच वाटेने उलटाही येऊ शकतो. रात्री दिव्याचा उजेड दूर धाडणारं भिंग दिवसा सूर्याचे समांतर किरण गोळा करून नेमके दिव्यावर आणून सोडतं, आणि आग लागू शकते. म्हणून सकाळी दिवा मालवला की भोवतीचे पडदे ओढून घेणं हे दीपगृहाच्या रखवालदाराचं नेमाचं काम होतं.

लुकलुकणाऱ्या दीपगृहातला दिवा स्वतः लुकलुकतो असं नाही. जुन्या मांडणीत तो सलग जळायचा, फिरायचं ते भिंग. भिंगाचा प्रत्येक फलक एकेक झोत फेकतो. आठ फलकांचं भिंग ४० सेकंदांत एक फेरी घेत असेल तर जहाजावर दर ५ सेकंदांनी झोत दिसतो, आणि ते सेकंद मोजून खलाशी दीपगृह ओळखतो. कित्येक टनांचं हे धूड पाऱ्याच्या कुंडात तरंगत ठेवलं की बोटाने ढकललं तरी फिरे. फिरवायला घड्याळासारखी यंत्रणा असे. अनेक मनोऱ्यांत जिन्याच्या मधोमध जी पोकळी दिसते, त्यातून तिला चालवणारं वजन हळूहळू खाली उतरायचं. पाऱ्याची वाफ विषारी, त्यामुळे आता हा पारा काढला जातोय.

मनोरा उंच हवा, पण किती? मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढून ३.५७ने गुणलं की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. २५ मीटरवरून सुमारे १८ किलोमीटर, १०० मीटरवरून ३६. उंची चौपट, पल्ला फक्त दुप्पट. शिवाय उंचीचा तोटाही असतो. कॅलिफोर्नियातल्या पॉइंट लोमाचं जुनं दीपगृह १८५५ मध्ये समुद्रसपाटीपासून सुमारे १४० मीटरवर उजळलं, पण धुकं आणि खाली उतरलेले ढग ते झाकून टाकत. शेवटी १८९१ मध्ये खाली, पाण्याजवळ नवं उभारावं लागलं.

उतरण्याआधी भिंगापासून जरा मागे सरका आणि कड्यांच्या मधोमध असलेल्या गोल डोळ्यासारख्या काचेतून पलीकडे बघा. समुद्र वर, आकाश खाली.