बिनपाण्याची हजामत आणि पाच पाती

कुणाची 'बिनपाण्याने हजामत' झाली असं आपण म्हणतो, तेव्हा कोरड्या गालावरून वस्तरा फिरला की काय होतं, हे भाषेला चांगलंच ठाऊक असतं. दाढी आधी नीट भिजवावी, ही अक्कल जुनीच. मग पाच पात्यांचं रेझर आणि डब्यातला तयार फेस हाताशी असूनही मानेवर लाल पुरळ का उठतं? त्यासाठी वस्तरा न्हाव्याच्या हातातून आपल्या हातात कसा आला, ते पाहायला हवं.

फ्रान्समधले सुऱ्या-वस्तरे घडवणारे कारागीर झाँ-झाक पेरे यांनी १७६० च्या दशकात वस्तऱ्याला लाकडी आवरण बसवलं. पात्याची फक्त कड बाहेर राहायची. स्वतःची दाढी स्वतः कशी करावी यावर त्यांनी पुस्तकही लिहिलं. पण घरोघरी दाढी पोचवली ती अमेरिकी उद्योजक किंग कॅम्प जिलेट यांच्या बदलता येणाऱ्या पात्याने. १९०३ साली त्यांची ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने सुमारे ३५ लाख रेझर घेतली.

त्याला 'सेफ्टी' रेझर म्हणत. सुरक्षितता होती, पण कातडी कापली न जाण्यापुरती. उघडा वस्तरा जोरात दाबला तर लगेच रक्त यायचं, म्हणून हात आपोआप हलका राहायचा. सेफ्टी रेझर दाबलं तर त्या क्षणी काहीच दिसत नाही. आग होते ती नंतर. माझ्या मते निम्मं दुखणं इथेच सुरू झालं. शिक्षा उशिरा मिळू लागली, त्यामुळे चूक कुठली ते कळेना. त्यात ब्रशही गेला. १९१९ मध्ये ब्रशविना लावायचं क्रीम आलं, १९४९ मध्ये दाबताच फेस सोडणारा डबा. ब्रशने साबण घोळवण्यात दोन-तीन मिनिटं जायची, तेवढ्यात केस पाणी पिऊन मऊ व्हायचे. ती मिनिटं वाचली, पण गालाला महागात पडली.

१९७१ मध्ये जिलेटने दोन पात्यांचं रेझर आणलं. पहिलं पातं केस किंचित वर ओढतं आणि तो परत आत जायच्या आधी दुसरं त्याला आणखी खाली छाटतं, हा त्यामागचा दावा. १९९८ मध्ये तीन पाती झाली, २००६ मध्ये पाच. छाटलेला केस कातडीच्या पातळीखाली जातो, टोक तिरकं आणि टोकदार राहतं. केस सरळ असेल तर वाढून बाहेर येतो. कुरळा असेल तर तो जिथून उगवतो त्या छिद्राची भिंत आतूनच टोचतो, किंवा बाहेर येऊन वळतो आणि पुन्हा कातडीत घुसतो. दोन-चार दिवसांनी गाठ येते. दिसायला केसतोडीसारखी, पण मुळात ती जंतूंची नव्हे, आपल्याच केसाची करामत. दाढी झाल्याबरोबर होणारी आग वेगळी, ती घासण्याची. स्ट्रॉस आणि क्लिगमन या त्वचातज्ज्ञांनी या गाठींवर १९५६ मध्येच लिहून ठेवलं होतं. अमेरिकी सैन्यात कृष्णवर्णीय सैनिकांना हा त्रास इतका व्हायचा की डॉक्टरी सल्ल्याने दाढी न करण्याची सवलत द्यावी लागली. म्हणजे कारण माहीत होतं, तरी बाजारात पाती वाढतच गेली.

पात्याची धार जाते तीही मजेशीर रीतीने. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातल्या संशोधकांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर केसापेक्षा पन्नासेक पट कठीण पोलादाच्या कडेचे टवके उडत होते, तेही केस विशिष्ट कोनात आडवा आल्यावर. अशी टवके गेलेली कड केस कापण्याऐवजी ओढते, आणि आपण आणखी दाबतो.

म्हणून आज त्वचातज्ज्ञ जे सांगतात त्यात नवं फारसं नाही: आंघोळीनंतर दाढी करा, वाढीच्या दिशेने पातं फिरवा, कातडी ताणू नका, एकाच जागी पुन्हा पुन्हा घासू नका. गाठी येतच असतील तर ट्रिमरने मिलिमीटरभर खुंट राखा. वाढीची दिशा मात्र ज्याची त्याने शोधायची. दोन दिवसांच्या दाढीवरून बोट फिरवा: गालावर केस खाली वाढतात, तर हनुवटीखाली बऱ्याच जणांचे आडवे, काहींचे चक्क वर. मी पाच पात्यांवरून एका पात्यावर आलोय. गळ्यापाशी उलटा हात मारत नाही. तिथे थोडी खरखर राहते, राहू दे.