दोन फुटी भिंतीपलीकडचं वायफाय

जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत मातीच्या भिंती दीड-दोन फूट जाड. उन्हाळ्यात त्या घर गार ठेवतात, पण ओसरीतलं वायफाय मागच्या स्वयंपाकघरापर्यंत जाऊ देत नाहीत. मग दुकानदार चार-सहा अँटेनांचा महागडा राउटर पुढे करतो. माझ्या मते तो खर्च बहुतेक वेळा वाया जातो.

वायफाय दोन्ही बाजूंनी बोलतं. राउटर कितीही दणकट आणला तरी फोनची इवलीशी अँटेना तीच राहते. फोनवर दांड्या भरलेल्या दिसतात आणि तरी व्हिडिओ कॉल अडकतो, त्याचं एक कारण हे: राउटरचं फोनला ऐकू येतं, फोनचं राउटरला येत नाही. शिवाय ताकदीला नियमांचीही वेसण आहे. भारतात वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी-पट्ट्यात, अँटेना सिग्नल एका दिशेला एकवटून जी ताकद वाढवते ती धरून, ४ वॅटच्या पुढे जाता येत नाही.

या पट्ट्यातल्या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, तर ५ गिगाहर्ट्झची त्याच्या निम्मी. दुसरा पट्टा वेगवान, पण भिंतीत लवकर विरतो. ओली भिंत कोरडीपेक्षा जास्त सिग्नल खाते. पत्रा तर लहर परतवूनच लावतो. म्हणजे खिडकीत बसवलेला पत्र्याचा, पाण्याने भरलेला कूलर हा दुहेरी अडथळा; अंगणात खाट टाकून मोबाइल बघणाऱ्यांनी राउटरची जागा ठरवताना तो आधी आठवावा. लोखंडी कपाटाचंही तेच.

उभ्या अँटेनाचा सिग्नल मेदूवड्याच्या आकारात पसरतो: आजूबाजूला भरपूर, डोक्यावर आणि पायाखाली कमी. अँटेनाचा ‘डीबीआय’ आकडा, म्हणजे ती सिग्नल किती एकवटते त्याचं माप, वाढला की वडा आणखी चपटा होतो. दुमजली घरात मोठा आकडा बघून घेतलेली अँटेना वरच्या खोलीला उपाशी ठेवते ती यामुळे.

खरेदीआधी फोनमध्ये वायफाय मोजणारं एखादं मोफत ॲप टाका आणि घरभर फिरा. ॲप सिग्नलची ताकद ‘डीबीएम’ या एककात दाखवतं: उणे ६७ डीबीएमपर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० च्या खाली रडगाणं सुरू होतं. दर १० आकड्यांना ताकद दहापट घटते.

जिथे आकडा कोसळतो, त्या भिंतीच्या पलीकडे ॲक्सेस पॉइंट (राउटरचं इंटरनेट घेऊन तिथून नव्याने वायफाय देणारा डबा) लावा, आणि तो लॅन केबलने जोडा. साधा रिपीटर (आलेला सिग्नल बिनतारीच पुढे पाठवणारा डबा) त्याच चॅनेलवर, म्हणजे पट्ट्याच्या त्याच भागात, ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. बिनतारी मेशलाही (एकमेकांशी बोलणाऱ्या राउटरांच्या संचालाही) शेवटी तीच भिंत ओलांडायची असते. केबल १०० मीटरपर्यंत चालते, आणि मातीची भिंत फोडायला जीव धजत नसेल तर दाराच्या चौकटीवरून नेता येते. ‘पीओई’ (लॅन केबलमधूनच वीज देण्याची सोय) असलेला पॉइंट घेतला आणि दुसऱ्या टोकाला पीओई इंजेक्टर किंवा स्विच लावला की वीजही त्याच केबलमधून जाते. राउटर आणि पॉइंट दोन्हींना नाव-पासवर्ड एकच ठेवा, पण २.४ वर चॅनेल वेगळे: १, ६ किंवा ११.

वायफाय ६ (वायफायची एक नवी पिढी) आणि गिगाबिट पोर्ट (वेगवान लॅन केबलचं भोक) असलं की घराला पुरे. त्याहून महत्त्वाचा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो, चालण्याच्या तापमानाचा. बऱ्याच घरगुती राउटरना मर्यादा ४० अंश सेल्सिअसची, आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ च्या आसपास असतो. पत्र्याच्या छताखाली त्याहून वर. तेव्हा ५० अंशांपर्यंत चालणारा पॉइंट शोधा आणि पत्र्यापासून दूर, वारा लागेल अशा आतल्या भिंतीवर ठोका.