अंधारातील ठिपका आणि शेजाऱ्याचे वीजबिल

पूर्ण काळोख्या खोलीत प्रकाशाचा एक बारीक, स्थिर ठिपका काही वेळ टक लावून पाहिला, तर तो जागचा हलत असल्याचे वाटू लागते. त्याची जागा ठरवायला आजूबाजूला भिंत, चौकट, कडा असे काहीच दिसत नसते, आणि डोळ्यांच्या सूक्ष्म, अनैच्छिक हालचाली मात्र चालूच असतात. तुर्कस्तानात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी 1935 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या आभासाचा मोठ्या चतुराईने उपयोग केला. ज्या गोष्टीचे मोजमाप पाहणाऱ्याला कोणत्याही प्रकारे पडताळता येत नाही, तिच्याविषयी माणसे एकमेकांच्या सहवासात कसे मत बनवतात, हे त्यांना तपासायचे होते.

एकेकट्याला बसवून ठिपका किती इंच हलला असे विचारले, तेव्हा सुरुवातीची चाचपड संपल्यावर प्रत्येकाचा स्वतःचा एक ठरावीक पल्ला तयार झाला. मग दोघा-तिघांना एकत्र बसवून अंदाज मोठ्याने सांगायला लावले, तेव्हा कोणी कोणाला काही पटवून न देताही त्यांचे आकडे एकमेकांकडे सरकत गेले. या प्रयोगाचा खरा गाभा मात्र त्यापुढच्या टप्प्यात आहे. ज्यांनी पहिले अंदाज गटात बसून केले होते, त्यांना नंतर एकटे बसवले तरी त्यांनी गटातलाच पल्ला कायम ठेवला. त्या वेळी गटातील कोणीही सोबत नव्हते, त्यामुळे लोक काय म्हणतील या धास्तीने हे घडले, असे म्हणता येत नाही. गटाचा अंदाज आता त्यांचा स्वतःचा झाला होता. बहुतेकांनी तर, इतरांचे ऐकण्यापूर्वीच आपले उत्तर ठरले होते आणि आपल्यावर कोणाचाही प्रभाव पडला नाही, असे शेरीफ यांना सांगितले. ते खोटे बोलत होते असे मानण्याचे कारण नाही.

गटात असा रुजलेला संकेत, म्हणजे सर्वांनी नकळत मान्य केलेले माप, माणसे बदलली तरी टिकतो का, हे रॉबर्ट जेकब्ज आणि डोनाल्ड कॅम्बेल यांनी 1961 मध्ये पाहिले. त्यांनी आधी पढवून ठेवलेल्या माणसांकरवी गटात मुद्दाम फुगवलेले, 15-16 इंचांचे अंदाज रुजवले आणि मग फेरीमागून फेरी जुना एक सदस्य काढून त्याच्या जागी नवा आणला. पढवलेली माणसे सगळी निघून गेल्यावरही त्या फुगवलेल्या अंदाजाचा प्रभाव सदस्यांच्या आणखी चार-पाच पिढ्यांपर्यंत जाणवत राहिला. तो ओसरत गेला हे खरे. पण ज्यांनी तो रुजवला, त्यांना कधी पाहिलेलेही नव्हते अशी माणसे तो पुढे देत होती.

या विषयावर लिहिताना मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या प्रयोगाचा उल्लेख टाळता येत नाही, आणि बहुधा तो अर्धवटच सांगितला जातो. समोरच्या तीन रेषांपैकी नमुन्याएवढी लांब कोणती, हा प्रश्न इतका सोपा होता, की एकटे असताना लोक शंभरात एकदाही चुकत नव्हते. मात्र सोबतच्या सर्वांनी ठरवून एकच चुकीचे उत्तर दिले, की 123 विद्यार्थ्यांची सुमारे 37 टक्के उत्तरे चुकली. येथवरचा भाग सर्वांना ठाऊक असतो. परंतु जवळजवळ दोन-तृतीयांश उत्तरे त्या दडपणाखालीही बरोबर होती, सुमारे एक-चतुर्थांश विद्यार्थी एकदाही वाकले नाहीत आणि खरे उत्तर देणारा एक जरी जोडीदार मिळाला तरी चुकांचे प्रमाण चौथ्या हिश्शावर आले. माझ्या मते माणूस मेंढरासारखा आहे हा या प्रयोगाचा निष्कर्ष नव्हेच. दिवसाउजेडी, डोळ्यांना स्वच्छ दिसत असताना माणूस गटाला बराच विरोध करू शकतो. अंधारात त्याला विरोध करायचा आहे हेच कळत नाही.

रोजच्या जगण्यातला बराचसा भाग त्या अंधारात मोडतो. महिन्याला किती वीज वापरणे योग्य, याला काही नैसर्गिक माप नाही. कॅलिफोर्नियातील सॅन मार्कोस गावात वेस्ली शुल्ट्झ, जेसिका नोलन, रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 290 घरांच्या दारांवर चिठ्ठ्या लावल्या. त्यांत त्या घराचा विजेचा वापर आणि परिसरातील सरासरी वापर दिलेला होता. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सरासरीहून अधिक वीज वापरणाऱ्यांनी वापर कमी केला, पण काटकसर करणाऱ्यांनी तो वाढवला, म्हणजे दोन्ही बाजू शेरीफ यांच्या खोलीतल्याप्रमाणे मध्याकडे सरकल्या. ज्या काटकसरी घरांच्या चिठ्ठीवर एक हसरा चेहरा काढलेला होता, त्यांचा वापर मात्र वाढला नाही. सरासरीच्या आकड्याला शाबासकीची एवढीशी जोड पुरेशी ठरली.

याच गटाने 2008 मध्ये दुसरा अभ्यास मांडला. वीज का वाचवता, असे 810 कॅलिफोर्नियावासीयांना विचारल्यावर पर्यावरण, समाजहित आणि पैशांची बचत ही कारणे वर आली आणि शेजारी काय करतात हे कारण सर्वांत तळाला राहिले. प्रत्यक्षात मात्र शेजारी वीज वाचवतात अशी समजूत आणि स्वतःची बचत यांचाच संबंध सर्वांत घट्ट निघाला. पुढे अमेरिकेतील अनेक वीज कंपन्यांनी ग्राहकांना शेजाऱ्यांशी तुलना करणारी पत्रके पाठवण्यास सुरुवात केली. अर्थतज्ज्ञ हंट ऑलकॉट यांनी 2011 मध्ये अशा सुमारे सहा लाख घरांची आकडेवारी तपासली, तेव्हा वापरात सरासरी दोन टक्के घट आढळली. हा आकडा किरकोळ वाटतो, परंतु दर वाढवून अल्पावधीत तेवढीच घट घडवायची, तर ऑलकॉट यांच्या हिशेबाने वीज 11 ते 20 टक्के महाग करावी लागली असती.