घन गाठींवरच्या पेशी-उपचारांची पार्श्वभूमी

१९६८ साली स्टीव्हन रोझेनबर्ग हे तरुण सर्जन एका रुग्णाचं पित्ताशय काढत होते. बारा वर्षांपूर्वी याच माणसाचा जठराचा कर्करोग यकृतापर्यंत पसरला होता आणि डॉक्टरांनी हात टेकून त्याला घरी पाठवलं होतं. रोझेनबर्ग यांनी त्याचं यकृत बोटांनी चाचपून पाहिलं. एकही गाठ हाताला लागली नाही. शरीराने रोग स्वतःच परतवला होता. त्याचं रक्त तशाच दुसऱ्या रुग्णाला देऊन पाहिलं, पण उपयोग झाला नाही. तरी त्या यकृताने पडलेला प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला.

रोगाशी लढणाऱ्या पेशी बाहेर वाढवून रुग्णाला द्याव्यात, ही त्यामागची कल्पना. अडचण साधी होती. टी-पेशी, म्हणजे रोगट पेशी ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी, शरीराबाहेर जगत नसत. १९७६ मध्ये त्यांना वाढवणारा घटक सापडला, ज्याला पुढे इंटरल्युकिन-२ म्हणू लागले, आणि वाट मोकळी झाली. गाठ काढायची, तिचे दोन-तीन मिलिमीटरचे तुकडे करायचे आणि या घटकात ठेवायचे. काही दिवसांत तुकड्यांतून टी-पेशी बाहेर पडून वाढू लागतात. त्या कोट्यवधींच्या संख्येने रुग्णाला परत द्यायच्या. १९८८ मध्ये रोझेनबर्ग यांच्या गटाने हे केलं तेव्हा मेलानोमाच्या (त्वचेच्या एका घातक कर्करोगाच्या) २० पैकी ११ जणांच्या गाठी आक्रसल्या, पण बहुतेकांचा गुण टिकला नाही. पेशी शरीरात तगत नव्हत्या. २००२ साली याच गटाने पेशी देण्याआधी केमोथेरपीने रुग्णाच्या जुन्या लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत मोडतात त्या पांढऱ्या पेशी) हटवल्या. नव्या पेशींना जागा मिळाली, त्या महिनोन्‌महिने टिकल्या. माझ्या मते या क्षेत्राचं खरं वळण हेच.

दरम्यान, १९८९ मध्ये इस्रायलच्या झेलिग एश्हार यांनी टी-पेशीला कृत्रिम ग्राहक, म्हणजे ठरावीक चिन्ह असलेली पेशी ओळखणारं प्रथिन, बसवून दाखवला. असा ग्राहक बसवलेल्या टी-पेशी देण्याच्या कार-टी उपचारांचं मूळ तिथे आहे. २०१७ मध्ये रक्ताच्या कर्करोगासाठी त्यांना मान्यता मिळाली, घन गाठी, म्हणजे अवयवांत वाढणारे कर्करोग, मात्र दाद देईनात. रक्ताच्या कर्करोगात तेच चिन्ह असलेल्या निरोगी बी-पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या रक्तपेशी) गेल्या तरी रुग्ण निभावतो, फुप्फुसाचं तसं नाही. २०१० मध्ये नोंदवलेल्या एका चाचणीत काही कर्करोगांच्या पेशींवर असणाऱ्या एचईआर-२ या चिन्हाला लक्ष्य करणाऱ्या कार-टी पेशी दिल्यावर पंधरा मिनिटांत रुग्णाला श्वास घेता येईना आणि पाच दिवसांनी तो दगावला. फुप्फुसाच्या पेशींवर तेच चिन्ह अगदी थोडं असतं, तेवढंच पुरलं. तेव्हापासून मारण्याची ताकद कशी वाढवायची यापेक्षा नेमकं कोणतं चिन्ह निवडायचं, यावरच संशोधकांची रात्रंदिवस डोकेफोड चालली आहे.

२०२२ मध्ये नेदरलँड्स आणि डेन्मार्कमधल्या १६८ मेलानोमा रुग्णांच्या चाचणीत गाठीतल्या पेशी घेतलेल्यांचा आजार न वाढता गेलेला काळ साधारण ७.२ महिने होता, इपिलिमुमॅब हे प्रतिकारशक्ती चेतवणारं औषध घेतलेल्यांचा ३.१. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत याच पद्धतीच्या लिफिल्यूसेल या उपचाराला मान्यता मिळाली. मेलानोमाच्या ७३ रुग्णांत सुमारे ३१ टक्क्यांना गुण आला. ऑगस्टमध्ये सायनोव्हियल सार्कोमा या मऊ ऊतींच्या दुर्मीळ कर्करोगासाठी जनुक बदललेल्या टी-पेशींनाही परवानगी मिळाली. पण या पेशी प्रत्येक रुग्णासाठी वेगळ्या वाढवाव्या लागतात, त्यात काही आठवडे जातात, आणि आजार पसरलेल्या माणसापाशी नेमके तेवढे आठवडे नसतात.